संयुक्त संप समिती आणि साचेखात्याचे दार

ना. म. जोशींना संप नको होता. १९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हा त्यांच्या बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनचे धोरण सार्वत्रिक संपाच्या विरोधातलेच होते. जोशींनी १९२४ चा संप पाहिला होता आणि १९२५ चाही. पहिल्यात कामगार बोनससाठी बाहेर पडले आणि रिकाम्या हातांनी आत गेले. दुसऱ्यात साडेअकरा टक्क्यांची पगारकपात रद्द झाली खरी, पण सरकारने कापडावरची अबकारी उठवल्यावर. संप लांबला की वाण्याची उधारी बंद होते, पठाण दारात येऊन बसतो आणि घरातली भांडी बाहेर जातात, हे परळमध्ये १९११ पासून सोशल सर्व्हिस लीगचे काम करणाऱ्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती.

श्रीपाद अमृत डांग्यांना संप हवा होता. वय अठ्ठावीस, कानपूर कटाच्या खटल्यातली शिक्षा भोगून वर्षभरापूर्वीच सुटलेले. त्यांच्याबरोबर मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे अशी मंडळी होती आणि ‘क्रांती’ नावाचे साप्ताहिक होते. जोशींचा मार्ग त्यांना भिक्षेकऱ्याचा वाटे, तर जोशींना या तरुणांची भाषा आगीशी खेळण्याची वाटे. तरीही मे महिना उजाडताच हे दोन्ही गट एका समितीत बसले. सुमारे दीड लाख कामगारांचा, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला तो संप या संयुक्त संप समितीने चालवला. मराठी मुलखातल्या कामगार चळवळीत इतक्या विरोधी विचारांच्या माणसांनी इतके दिवस एकत्र काम केल्याचे त्याआधीचे उदाहरण नाही. ती समिती कशी जुळली, कशी टिकली आणि का फुटली, हे आजही बारकाईने पाहण्याजोगे आहे.

संपाचे कारण पैशाइतकेच साच्यांचे, म्हणजे यंत्रमागांचे, होते. कापडाचा धंदा मंदीत होता, जपानी मालाची स्पर्धा होती, आणि मालकांनी उपाय काढला होता ‘कार्यक्षमते’चा. साचेवाला दोन साचे चालवत असेल तर त्याने तीन चालवावेत. त्रासन, म्हणजे सूत कातण्याच्या, खात्यातल्या माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात. ससून गटाच्या गिरण्यांत वर्षाच्या सुरुवातीलाच यावरून कामे बंद पडली होती. तीन साचे म्हणजे दर तिघांमागे एक माणूस घरी, हा हिशेब शाळेत न गेलेल्या कामगारालाही चटकन कळत होता. शिवाय घरी बसणारा हा तिसरा माणूस परका नसायचा. गिरणीत माणूस चिकटायचा तो जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ओळखीने, आणि जॉबर आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली माणसे आणायचा. बेकार होणार होता तो भाचा किंवा मेहुणा.

२३ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात परशुराम जाधव हा कामगार ठार झाला. त्या आठवड्याअखेर शहरातल्या जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद होत्या. आता संपाला विरोध करत राहणे म्हणजे आपल्याच सभासदांच्या विरोधात उभे राहणे, हे जोशींच्या युनियनला दिसत होते.

दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती आणि दोन्ही बाजू ते ओळखून होत्या. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले सदस्य होते. त्यांची युनियन नोंदलेली होती, आणि नोंदणी नसलेल्या संघटनेशी बोलायला मालक तयार नव्हते. जोशी आले की मालक संघाचे दार उघडत होते. डांग्यांच्या गटापाशी त्या दारापर्यंत येणारी माणसे होती. त्यांच्यातही एक तिसरा प्रवाह मिसळला होता, आणि त्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे नेहमी दुर्लक्ष होते. १९२३ पासून चालत आलेले गिरणी कामगार महामंडळ ही कामगारांनी स्वतः उभी केलेली संघटना. तिचे एक पुढारी अर्जुन आत्माराम आळवे हे गिरणीतच काम केलेले. महामंडळात फूट पडली, दुसरे पुढारी मायेकर बाजूला झाले आणि आळव्यांनी डांग्यांच्या गटाशी हात मिळवला. २३ मे रोजी नोंदवलेल्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष आळवे झाले, सरचिटणीस डांगे. नोंदणीच्या वेळी सभासद जेमतेम सव्वातीनशे होते. वर्ष सरताना ते पन्नास हजारांच्या वर गेले.

आळवे नसते तर डांगे बाहेरचेच राहिले असते, असे म्हणायला भरपूर आधार आहे. पुण्यामुंबईचे शिकलेले ब्राह्मण तरुण साच्यावरच्या माणसाला भाषणापुरते आवडत. साचा बंद ठेवून चार-सहा महिने उपाशी राहायचे तर शब्द आपल्यातल्याचा लागतो, आणि तो आळवे, गोविंद कासले यांच्यासारख्यांकडे होता.

समितीने सतरा मागण्यांची यादी केली. पगारात कपात नको, कामगारांशी बोलल्याशिवाय नवी पद्धत आणू नका, संपात भाग घेतला म्हणून कुणाला काढू नका, अशा त्यातल्या मुख्य मागण्या. यादी करणे हेच एकजुटीचे पहिले काम होते. एकीकडच्यांना मालकशाही उलथायची होती आणि दुसरीकडच्यांना सुधारायची होती. त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे ठरवले असते तर समितीची पहिली बैठकही संपली नसती. सतरा मागण्यांवर मात्र दोघांनाही सही करता येत होती. बाकीचे भांडण ज्याने त्याने आपापल्या व्यासपीठावर चालू ठेवले, आणि ते चालू राहिलेही. सभांमधून जोशींवर टीका होत होती, जोशींचे सहकारी बखले तिला उत्तरे देत होते, आणि पुन्हा तीच माणसे बैठकीला एकत्र बसत होती.

खरी कसोटी पोटाची होती. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होत, म्हणून ज्यांना गाव गाठायचे होते त्यांनी मे महिन्यातच भाऊच्या धक्क्याची वाट धरली. रत्नागिरी जिल्ह्यातली हजारो माणसे पेरणीला घरी गेली, साताऱ्याकडची घाटावर गेली. मालकांना वाटे की कामगाराचा गावाशी असलेला हा सांधा म्हणजे त्याचा कच्चेपणा. संपात तोच सांधा कामगाराचा आधार झाला. गावची भाकरी होती म्हणून मुंबईतला साचा बंद ठेवता येत होता.

मागे राहिलेल्यांचे काय? एका गावची दहा-वीस माणसे मिळून एक खोली घेत, तिथे वळकट्या आणि ट्रंका असत आणि जेवायला खानावळ. खानावळ चालवणाऱ्या बायका बहुधा विधवा किंवा टाकलेल्या, स्वतःच कर्जावर तग धरणाऱ्या. या बायका महिनोन्महिने उधारीवर जेवू घालत होत्या आणि त्यांची नावे कुठल्याही समितीच्या यादीत नव्हती. समितीने धान्यवाटपाची केंद्रे उघडली. निधीसाठी शहरातल्या व्यापाऱ्यांपासून परदेशातल्या कामगार संघटनांपर्यंत सगळीकडे हात पसरले. रशियातल्या कापड कामगारांकडून पैसे आले तेव्हा वर्तमानपत्रांत ओरड झाली. समितीतल्या मवाळांना तो पैसा खुपत होता, पण तांदूळ मात्र एकाच केंद्रावरून वाटला जात होता. रांगेत उभ्या असलेल्या बाईला तू कोणत्या युनियनची, असे विचारायचे नाही, एवढे पथ्य पाळले गेले म्हणून संप सहा महिने टिकला.

पण एक प्रश्न त्या रांगेत सुटणारा नव्हता.

गिरणीत सगळ्यात जास्त पगार साचेखात्यात. तिथे महार-मांग-चांभार कामगाराला प्रवेश नव्हता. मालकाचा तसा काही लेखी नियम नव्हता. मज्जाव होता तो सवर्ण कामगारांचा, आणि त्यामागे एक अगदी छोटी कृती होती. साच्यावर धोटा इकडून तिकडे पळतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की साचेवाला नवी कांडी बसवतो आणि धोट्याच्या बारीक भोकातून धागा बाहेर काढायचा म्हणून ते भोक ओठांना लावून श्वास आत ओढतो. धागा तोंडात येतो. दिवसातून शेकडो वेळा हे करावे लागते. तो धोटा उद्या बदलीवर आलेल्या दुसऱ्या माणसाच्या तोंडाला लागणार असतो. दलित कामगाराच्या ओठांना लागलेला धोटा आपण तोंडाला लावायचा नाही, एवढ्यावर शहरातल्या सगळ्यात चांगल्या पगाराच्या कामातून हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिली. ती त्रासन खात्यात राबत होती, साचेवाल्याच्या पगाराचा काही हिस्सा मिळवत होती, आणि संप झाला की उपाशी मात्र बरोबरीने राहत होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम परळच्याच दामोदर हॉलमधून चाले, आणि तो हॉल जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचाही. म्हणजे हे सगळे पुढारी एकमेकांना अनोळखी नव्हते. आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांपुढे सरळ मागणी ठेवली की सर्व खाती सर्वांना खुली करण्याचा मुद्दा मागण्यांत घ्या. नाही तर अस्पृश्य कामगारांना संपातून बाहेर राहायला मी सांगेन. आधी यादीत या मागणीला जागा नव्हती. दबाव आला तेव्हा नाइलाजाने ती घेतली गेली. धनंजय कीरांनी आंबेडकरांच्या चरित्रात याचा पुढचा भाग नोंदवला आहे, आणि तो वाचताना आजही मान खाली जाते. ही मागणी मालकांसमोर आली तेव्हा मालकांनी पुढाऱ्यांना झिडकारले. हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही, असे त्यांचे उत्तर होते. त्यांचे म्हणणे खरे होते. ते दार मालकाने लावलेले नव्हते, त्यामुळे मालकाशी झालेल्या करारातून ते उघडणारही नव्हते. ते उघडायचे तर समितीने आपल्याच साचेवाल्यांपुढे उभे राहून सांगायला हवे होते की हा धोटा सगळ्यांचा आहे. साचेवाले हा संपाचा कणा होते. त्यांना दुखवायची हिंमत जोशींच्या बाजूने झाली नाही आणि वर्गसंघर्षाची भाषा बोलणाऱ्यांच्या बाजूनेही झाली नाही.

संयुक्त समितीचे यश मोठे होते आणि तिची उणीव नेमकी इथे होती. सतरा मागण्यांवर एकमत झाले ते सगळ्यांना सोसवेल असेच होते. ज्याचे गाऱ्हाणे बाकीच्यांना बोचणारे होते, त्याला यादीच्या तळाला उभे केले गेले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तडजोड झाली. जुन्या दरांनी काम सुरू करायचे आणि वादाचे मुद्दे चौकशी समितीकडे द्यायचे ठरले. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली ती समिती बसली. कामगार विजयी होऊन आत गेले आणि गिरणीगणिक कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या. जॉबरच्या हातातली सत्ता पहिल्यांदाच डगमगली. पुढचे चार महिने म्हणजे गिरणगावातला सगळ्यात आशेचा काळ होता.

मग तडे गेले, आणि ते वेगवेगळ्या दिशांनी गेले. तेल कंपन्यांतल्या संपात संप फोडायला पठाण आणले गेले. मुले पळवली जातात अशी अफवा उठली आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल पेटली. शंभराहून अधिक माणसे मेली. मदनपुऱ्यातला मुसलमान विणकर आणि लालबागचा मराठा साचेवाला वर्षभरापूर्वी एका सभेत बसत होते. ते आता एकमेकांच्या गल्लीत जायला भीत होते. २० मार्चला मीरत कटाच्या खटल्यासाठी धरपकड झाली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे पकडले गेले. आळवे आणि कासले हेही पकडले गेले. सरकारने नेमकी तीच माणसे उचलली जी बाहेरच्या विचाराला आतल्या माणसाशी जोडत होती. मागे राहिलेल्यांनी एप्रिलअखेरीला पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला.

या वेळी संयुक्त समिती नव्हती. जोशींची युनियन बाहेर राहिली. आंबेडकरांनी दलित कामगारांना कामावर जायला सांगितले. आधीच्या संपाचे कर्ज फिटलेले नाही आणि साचेखाते अजून बंदच आहे, मग कुणासाठी उपाशी राहायचे, या प्रश्नाला संपवाल्यांपाशी उत्तर नव्हते. काही कम्युनिस्ट लेखकांनी पुढे यालाच संप फोडणे म्हटले. १९२८ ची यादी डोळ्यांपुढे ठेवली तर हा आरोप अन्यायाचा ठरतो. ज्याला बरोबरीची जागा दिली नाही त्याच्याकडून बरोबरीच्या त्यागाची अपेक्षा केली गेली होती. उषाताई डांगे आणि त्यांच्याबरोबरच्या बायका गिरण्यांच्या दारांत निकराने लढल्या, तरी तो संप सप्टेंबरपर्यंत रेंगाळत संपला. वर्षअखेरीला नागपूरला ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तिथे जोशी आणि त्यांचे सहकारी सभा सोडून गेले, आणि जिच्या स्थापनेत जोशींचा मोठा वाटा होता ती देशपातळीवरची संघटनाही दुभंगली.

नऊ वर्षे गेली. या काळात एक मोठा फरक पडला. १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि पुढच्या वर्षी तो मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात चांगल्या बळाने पोहोचला. आता ते कुणाच्या यादीत एक मागणी घाला म्हणून सांगायला येणार नव्हते. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. त्या मोर्चातली कुळे आणि गिरणीतले कामगार ही एकाच घरातली माणसे होती. मुंबईत साच्यावर उभा असलेला भाऊ रत्नागिरीत खोताचे कूळ होता. कुणबी आणि महार एका मोर्चात चालत होते, कारण खोत दोघांनाही सारखाच नागवत होता. १९२८ च्या समितीला जे साधले नव्हते ते कोकणच्या जमिनीवर साधू लागले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू असल्याचे मांडले. कामगार पुढाऱ्यांना दुसरा शत्रू पाठ होता, पहिल्याचे नाव ते आता निमूटपणे ऐकून घेऊ लागले.

बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. समेटाची लांबलचक प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तो गुन्हा, अशी त्यात तरतूद होती. कायदेमंडळात आंबेडकरांनी त्यावर जे भाषण केले ते मराठी कामगाराने जपून ठेवावे असे आहे. संप करणे हा दिवाणी कराराचा भंग असू शकतो, पण तो गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या मनाविरुद्ध राबायला लावणे, आणि त्यालाच गुलामी म्हणतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप ठरला. तो रशियन क्रांतीचा वाढदिवस. कम्युनिस्टांना प्रिय आणि आंबेडकरांना त्याचे काही अगत्य नाही. तरी तारखेवरून कुणी अडून बसले नाही. स्वतंत्र मजूर पक्ष, कम्युनिस्ट, कामगार पुढारी जमनादास मेहता असे सगळे एकत्र आले. संपाच्या दिवशी आंबेडकरांच्या समता सैनिक दलाचे स्वयंसेवक लाल बावटेवाल्यांबरोबर गिरण्यांच्या दारांत उभे होते. आंबेडकर आणि जमनादास मेहता ट्रकमधून गिरणगावात फिरले. दगडफेक झाली, गोळीबारही झाला. संध्याकाळी कामगार मैदानावरच्या प्रचंड सभेत आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर होते.

विधेयक मंजूर झाले. संप त्या अर्थाने फुकट गेला, पण दलित कामगार या वेळी सगळ्यांच्या पुढे होता, कारण बोलावणे त्याच्या स्वतःच्या पक्षाकडून आलेले होते. युती करायची तर आधी आपले घर उभे हवे, आपल्या सह्या आपल्या हातात हव्यात, ही गोष्ट आंबेडकर १९२८ च्या अनुभवातून शिकले असावेत असे मानायला जागा आहे.

ही जवळीकही टिकली नाही. युद्ध आले, वाटा वेगळ्या झाल्या. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबई शहर उत्तर या दोन जागांच्या मतदारसंघात आंबेडकर समाजवादी अशोक मेहतांच्या जोडीने उभे होते आणि डांगे त्यांच्याविरुद्ध. आंबेडकर १४,५६१ मतांनी पडले. बाद झालेली मते ७४,३३३ होती. दोन मतांपैकी दुसरे वाया घालवा असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा आरोप करून आंबेडकर आणि मेहता निवडणूक न्यायाधिकरणापर्यंत गेले. गिरणगावातल्या दलित वस्तीने ती जखम कधी विसरली नाही.

आणि तरीही १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली तेव्हा आंबेडकरांचे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, कम्युनिस्ट आणि प्रजा समाजवादी पुन्हा एका नावाखाली आले. फेडरेशन आता आपल्या नावाने, आपले उमेदवार घेऊन बसले होते. डिसेंबरात बाबासाहेब गेले. चार महिन्यांच्या आत निवडणूक झाली. मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या मतदारसंघात समितीने एका जागेसाठी डांग्यांना आणि राखीव जागेसाठी फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने यांना उभे केले. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या मतावरून एवढे रामायण घडले होते. या वेळी दोघेही निवडून आले.